चौदावा दिवस कुणाचा?

पत्राचा सारांश: वय २९. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका, सासू-सासऱ्यांसोबत राहते. नवरा ३२ वर्षांचा, चाकणच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, जमेल त्या शनिवार-रविवारी घरी येतो. लग्नाला तीन वर्षं झाली, बाळासाठी दहा महिने प्रयत्न सुरू आहेत. पाळी ३३ ते ३५ दिवसांनी येते. चौदाव्या दिवशी बीज सुटतं असं एका व्हिडिओत पाहिल्यापासून नवरा दर महिन्याला तेराव्या ते पंधराव्या दिवशी रजा काढून येतो. त्याआधी दहा-बारा दिवस दोघं संबंध टाळतात, ‘साठवून ठेवलं की गुण येतो’ म्हणून. ओव्ह्युलेशन किट (बीज सुटायची वेळ लघवीवरून सांगणाऱ्या पट्ट्या) दोन महिने वापरलं, बाराव्या दिवसापासून पाच दिवस. दुसरी रेघ गडद झालीच नाही. मैत्रिणीच्या सांगण्यावरून एकविसाव्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासलं, रिपोर्ट ‘कमी’. पाळीनंतर दोन-अडीच आठवड्यांनी अंगावरून पांढरं जातं. त्यावर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या आणि आतून धुण्याचं औषध सुरू आहे, आणि ते थांबेपर्यंत नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. गेल्या दोन महिन्यांत नवऱ्याला ऐन वेळी जमलं नाही आणि त्यावरून रडारड झाली. मुलगा व्हावा म्हणून सासूबाई सम रात्री पाळायला सांगतात. प्रश्न असा: ‘माझं बीज तयारच होत नाही का? सरळ आयव्हीएफला (टेस्ट ट्यूब बेबीला) जाऊ का?’

‘डॉक्टरबाई, तुमच्या लेकीसारखी समजून सांगा,’ असं तू लिहिलं आहेस, म्हणून एकेरीत बोलते.

पत्राच्या मागच्या बाजूला तू पाळीच्या तारखा लिहिल्या आहेस: ३ मार्च, ६ एप्रिल, ११ मे, १४ जून, १९ जुलै, २१ ऑगस्ट. सगळ्या पत्रातला सर्वांत कामाचा मजकूर तोच. मी त्याखाली पेन्सिलीने आकडेमोड केली. तू जे जे स्वतःच्या विरुद्ध पुरावे म्हणून मांडलं आहेस, म्हणजे रेघ न येणारं किट, कमी आलेला रिपोर्ट, पांढरं जाणं आणि वाया गेलेले दहा महिने, ते सगळे त्या आकडेमोडीत एकेक करून गळून पडले.

चौदावा दिवस तुझा नाहीच. तो २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा आहे. पाठ्यपुस्तकात ती बाई सोयीसाठी बसवली आणि मग तीच सगळ्यांच्या बोकांडी बसली. माझ्या तीस वर्षांच्या दवाखान्यात नेमकी अठ्ठावीस दिवसांनी, वर्षभर न चुकता पाळी येणारी बाई मला क्वचितच भेटली. २४ ते ३८ दिवसांच्या आत कुठेही, साधारण ठरावीक अंतराने येणारी पाळी ही नॉर्मल पाळीच असते. तुझी चौतीस दिवसांची आहे. तेवढीच.

पाळी सुरू झाल्यापासून बीज सुटेपर्यंतचा काळ प्रत्येकीचा वेगळा असतो, आणि एकीचाही दर महिन्याला थोडा बदलतो. ताप आला, प्रवास झाला, निवडणुकीच्या ड्युटीने झोप उडाली, तर लांबतो. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ मात्र बराच ठरलेला असतो, साधारण दोन आठवडे. घरातून निघायला कुणाला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही, पण स्टँडवरून एसटी सुटली की पोचायची वेळ माहीत असते, तसं काहीसं. म्हणून मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागे. जपानचे क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस या दोन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात एकमेकांपासून स्वतंत्रपणे हेच शोधून काढलं होतं. त्यांची मोजणी उलटीच होती. ती सुलटी कधी झाली कोण जाणे, पण तेव्हापासून चौतीस दिवसवाल्या बायका चौदाव्या दिवसाला ताटकळत बसल्या आहेत.

आता तुझा मे महिना घे. ११ मेला पाळी आली, पुढची १४ जूनला. चौदा दिवस मागे गेलं की येतो ३१ मे, म्हणजे तुझा एकविसावा दिवस. एखाद-दोन दिवस इकडेतिकडे धर. सुटलेलं बीज बारा ते चोवीस तास टिकतं. पुरुषाचं बीज मात्र अनुकूल दिवसांत बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणजे दिवस राहण्याची शक्यता बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशी सहा दिवसांची. तुझ्या बाबतीत २६ ते ३१ मे. नवऱ्याची रजा कधी होती? तेरावा ते पंधरावा दिवस: २३, २४, २५ मे. वरातीमागून घोडं असं आपण म्हणतो. तुमच्याकडे घोडं वरातीच्या आधी येऊन परत चाकणला गेलं.

हे सहा दिवस माझ्या मनाचे नाहीत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदींवरून केलेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गर्भ राहिला तो याच सहा दिवसांतल्या संबंधांतून. बीज सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे नाही. त्याच गटाने २००० साली आणखी एक गोष्ट दाखवली: ज्यांचे हे सगळे दिवस पुस्तकी ‘दहावा ते सतरावा’ या चौकटीत बसतात अशा स्त्रिया जेमतेम ३० टक्के. बाकीच्या तुझ्यासारख्या.

किटचं आता तुझं तुलाच कळलं असेल. बाराव्या ते सोळाव्या दिवशी पाच पट्ट्या संपवल्यास. ज्या एलएच संप्रेरकाची उसळी ते किट पकडतं, ती बीज सुटण्याच्या दीड-एक दिवस आधी येते. तुझ्या बाबतीत ती एकोणिसाव्या-विसाव्या दिवसाच्या आसपास. तोवर पट्ट्या संपून डबा कचऱ्यात गेलेला. किट सुरू करायचा दिवस काढायला तुझ्या सगळ्यात छोट्या पाळीच्या दिवसांतून १७ वजा कर: ३३ मधून १७ गेले, सोळावा दिवस. तिथून रोज एक पट्टी, साधारण दुपारी, शाळेतून आल्यावर कर. भल्या पहाटेच्या लघवीत ही उसळी कधीकधी सापडत नाही. आधी दोन तास तांब्याभर पाणी पिऊ नकोस, पातळ लघवीत रेघ पुसट येते. आणखी एक, बहुतेकींचा इथेच घोळ होतो. प्रेग्नन्सी किटवर पुसट रेघसुद्धा ‘हो’ असते. इथे पुसट म्हणजे ‘नाही’. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद झाली, तरच ‘हो’. तो दिवस आणि पुढचे दोन दिवस तुमचे.

एकविसाव्या दिवसाच्या त्या तपासणीचंही तेच. प्रोजेस्टेरॉन बीज सुटल्यानंतर वाढतं आणि साधारण आठवड्याने सर्वांत जास्त असतं. तुझं बीज त्याच दिवशी सुटत होतं की काय अशी वेळ, आणि आपण त्या दिवशी रक्त काढून विचारतो, का गं तू कमी का! अठ्ठावीस दिवसवालीसाठी ती तपासणी एकविसाव्या दिवशी. तुझ्यासाठी पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास. तो रिपोर्ट फाईलमध्ये राहू दे, पण त्यावरून ‘माझं बीजच तयार होत नाही’ हा निकाल लावू नकोस. ठरावीक अंतराने पाळी येणाऱ्या बाईचं बीज बहुतेक महिन्यांत सुटत असतंच.

आता पांढरं जाण्याबद्दल. तुझ्या पत्रात मी सगळ्यात जास्त थांबले ते इथे.

आपल्याकडे धुपणी म्हटलं की घरभर चिंता पसरते. हाडं झिजतात, अंगातली ताकद जाते, बाई खंगते, असं ऐकतच आपण मोठ्या होतो. त्यामुळे अंगावरून काहीही गेलं की तो आजारच. तू लिहिलं आहेस, ‘सतराव्या-अठराव्या दिवसापासून तीन-चार दिवस, पाण्यासारखं, चिकट, लांबतं, वास नाही, खाज नाही.’ अगं, हा आजार नाही. शरीराने दिलेली सूचना आहे ही. बीज पिकत आलं की इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं आणि गर्भाशयाच्या तोंडाशी हा पातळ, पारदर्शक स्राव तयार होतो. एरवी योनीमार्गातली आम्लता पुरुषबीजाला मारते. हा स्राव त्याला वाचवतो आणि वर जायला वाट करून देतो. मघाशी पाच दिवस जगण्याची गोष्ट सांगितली ना, ती याच्याच जिवावर. आणि तुम्ही दोघं नेमके तेच दिवस लांब राहिलात, वर तू तो धुऊन काढत होतीस.

ओळखायचा कसा? इंग्रजी पुस्तकांत कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याची उपमा देतात. आमच्याकडच्या शाकाहारी पेशंटना मी भेंडीची सांगते. भेंडी चिरताना सुरीला जी तार सुटते, ती. किंवा लाडवाचा पाक अंगठा आणि बोटात धरून तार बघतेस ना, तसंच बघ: तुटला, पांढरट-घट्ट किंवा मलईसारखा असेल तर अजून वेळ आहे, दोन बोटांत न तुटता ताणला गेला तर हेच ते दिवस. ही तार दिसण्याचा शेवटचा दिवस आणि बीज सुटण्याचा दिवस साधारण जवळजवळ असतात. मग एकदम कोरडं किंवा घट्ट होतं. काहींना त्याच सुमारास ओटीपोटात एका बाजूला कळ येते, काहींना काहीच जाणवत नाही, दोन्ही ठीक. पट्टी, ॲप, थर्मामीटर यांच्याआधी हे बघायला शीक. याला पैसे पडत नाहीत आणि हे आधी सांगतं. सकाळच्या तापमानाची पद्धतही आहे, पण तापमान चढतं ते बीज सुटून गेल्यावर. चाकणहून येणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

आतून धुणं आजपासून बंद. योनीमार्ग स्वतःची सफाई स्वतः करतो, बाहेरून साधं पाणी पुरे. मेडिकलमधल्या त्या गोळ्याही बंद. मात्र दह्याच्या चोथ्यासारखं आणि खाज असेल, हिरवट-पिवळं असेल, माशासारखा वास येत असेल, लघवीला आग होत असेल, तर तो संसर्ग. त्यासाठी डॉक्टरला दाखवून औषध घ्यायचं, काउंटरवर विचारून नाही.

‘साठवून ठेवण्या’बद्दल सांगते. हे पुरुषमंडळींत फार पसरलेलं आहे, बायकांनाही पटतं, कारण बँकेच्या हिशोबासारखं वाटतं. शरीरात तसं होत नाही. पुरुषबीज सतत तयार होत असतं. दहा-बारा दिवस थांबलं की संख्या वाढलेली दिसते, पण त्यात शिळी, मंद पडलेली जास्त. दर दोन-तीन दिवसांनी संबंध, ही सर्वांत सोपी शिफारस. तेवढं जमत असेल तर मोजणीचीही गरज नाही. पण तुमचं घर दोन गावांत वाटलेलं आहे, म्हणून मोजावं लागतंय, हे मला कळतं.

तर मोजणी अशी. सहा-आठ महिन्यांच्या पाळ्यांतली सगळ्यात छोटी घ्यायची, त्यातून १८ वजा; सगळ्यात मोठी घ्यायची, त्यातून ११ वजा. तुझ्या ३३ मधून १८ गेले, १५. ३५ मधून ११ गेले, २४. पंधरावा ते चोविसावा दिवस, या तुझ्या बाहेरच्या कडा. २१ ऑगस्टपासून मोजलं तर ४ ते १३ सप्टेंबर. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो. आदल्या दिवशीचा डाग धरायचा नाही. दहा दिवसांत एक पूर्ण शनिवार-रविवार येतोच. त्याला जोडून, तार दिसेल त्या बाजूला, एक रजा. तिन्ही दिवसांची रजा एकदम उडवून टाकायची गरज नाही.

आणि दर वेळी त्यानेच का यायचं? तुलाही किरकोळ रजा आहेत, दिवाळीची सुट्टी आहे. चाकणच्या खोलीत सासूबाई दारापलीकडे खोकत नाहीत. (हे लिहू का नको असं झालं होतं, पण अनेक जोडप्यांची खरी अडचण तीच असते.)

नवऱ्याला ऐन वेळी जमलं नाही, त्यावर तू ‘त्याला मूल नको आहे का’ असं लिहिलं आहेस. शिफ्ट संपवून, अडीचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आलेल्या माणसाला दारातच ‘आज चौदावा दिवस आहे’ म्हटलं, तर कुणालाही जमणार नाही. तो परीक्षेचा हॉल झाला. हे अगदी सामान्य आहे आणि बहुतेकदा ताण सरला की सरतं. त्याला रोजचा दिवस-क्रमांक सांगू नकोस. ‘या शनिवारी ये, आणि सोमवारची रजा टाक’ एवढं पुरे. मोजणी तुझ्या वहीत राहू दे. त्यावर तो म्हणाला, मलाही कळू दे, तर वही दोघांची. पण कुठल्याही महिन्यात नुसतं जवळ झोपून गप्पा मारल्या तर तो महिना वाया गेला असं धरायचं नाही.

सासूबाईंच्या सम रात्रींचं. मुलगा-मुलगी हे पुरुषबीजात एक्स गुणसूत्र आहे की वाय यावर ठरतं, रात्रीच्या आकड्यावर नाही. मुलगाच व्हावा म्हणून उपाय सांगणं-करणं यावर आपल्याकडे १९९४ चा लिंगनिवड-बंदीचा कायदाही आहे, गर्भधारणेच्या आधीच्या उपायांसकट. तू सासूबाईंशी कायद्याने भांडू नकोस. ‘डॉक्टरबाईंनी सलग दिवस सांगितलेत’ म्हण, आणि पुढे जा. माझ्यावर ढकललंस तरी चालेल.

आता आयव्हीएफ. जरा थांब. सगळं जुळून आलं तरी तरुण, निरोगी जोडप्यात एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण चार-पाचात एक. वर्षभरात दहातल्या आठांहून जास्त जोडप्यांना यश येतं. तुमचे दहा महिने खरोखर दहा महिने धरायचे का, हाच मला प्रश्न आहे. अधूनमधून एखादा शनिवार जुळला असेल, पण बहुतेक महिन्यांत तुम्ही दार उघडायच्या आधी परत फिरलात. म्हणून नव्या मोजणीने तीन-चार पाळ्या बघा. मात्र एक तपासणी आत्ताच करा: नवऱ्याची वीर्य तपासणी. सुई नाही, खर्च फार नाही, आणि जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचाही काही वाटा निघतो. तरी दरवेळी पहिली फाईल बायकोचीच उघडते. शेवटच्या संबंधानंतर दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा. एक रिपोर्ट वाईट आला तर घाबरायचं नाही. पुरुषबीज तयार व्हायला अडीच महिने लागतात, मधल्या काळात आलेला ताप, भट्टीजवळचं काम, तंबाखू-गुटखा, सगळं त्यात उतरतं. परत तपासायचं.

तुझ्यासाठी: फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, आजपासून, दिवस राहण्याची वाट न बघता. जवळच्या डॉक्टरकडून थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, थॅलसीमियाची चाचणी आणि रुबेलाची लस घेतली आहे का, एवढं बघून घे. प्रोजेस्टेरॉन पुन्हा करायचंच असेल तर या वेळी १७ सप्टेंबरच्या आसपास.

हे वाचणाऱ्या इतर कुणाची पाळी कधी चाळीस, कधी साठ दिवसांनी येत असेल, तर वरची वजाबाकी तिच्या उपयोगाची नाही. पीसीओएसमध्ये (संप्रेरकांच्या बिघाडामुळे बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) एलएच मुळातच जास्त असू शकतं, मग किटही रोज ‘हो’ म्हणतं. तिने मोजत न बसता डॉक्टरकडे जावं. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नये. पाळीत असह्य दुखत असेल, पूर्वी टीबी झाला असेल किंवा ओटीपोटाचा संसर्ग झाला असेल, तर तितकंही नाही. तू यातल्या कशातच नाहीस.

ताजा कलममध्ये तू विचारलं आहेस, संबंधानंतर भिंतीला पाय टेकवून अर्धा तास झोपावं का, कारण कंबर दुखते. नको झोपूस तशी. जे वर जायचं ते काही मिनिटांतच गेलेलं असतं. बाकीचं ओघळून बाहेर येतं, ते येऊ दे. कुशीवर वळ आणि झोप.